घोडीला बूट घ्यायचाय? आधी खुराचं माप नीट घ्या. चुकीचा बूट नालेपेक्षा जास्त त्रास देतो

अहिल्यानगर : बैलाला पत्र्या मारणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्याला लागण्याआधी गाडीवान पहिलं काम तेच करतो. घोड्याच्या पायाकडे मात्र आपलं तेवढं लक्ष जात नाही. नालबंद भेटला तर नाल, नाही भेटला तर घोडी तशीच अनवाणी चालते. डांबरावर, सिमेंटवर, खडीवर चालून खूर झिजलं, घोडी लंगडायला लागली, की मग धावपळ सुरू होते.

आता मोबाईलवर घोड्याच्या बुटांचे व्हिडिओ दिसायला लागलेत. रबर-प्लॅस्टिकचा बूट, खिळा नाही, ठोकाठोकी नाही. पायात सरकवला, पट्टा लावला, झालं. बघून बरेच जण विचारतात, "हा आपल्या घोडीला चालेल का?"

चालेल. पण मापात बसला तरच. सैल बूट चालताना फिरतो आणि टाच सोलून काढतो, घट्ट बूट खुराला चेपतो. दोन्हीत पैसे वाया जातात आणि घोडी आठ-पंधरा दिवस बसून राहते. म्हणून बूट मागवण्याआधी माप कसं घ्यायचं, बूट बसला की नाही हे कसं ओळखायचं आणि कुठल्या वेळी बूट घालायचाच नाही, हे सगळं एकदा नीट समजून घेऊ.

जिल्ह्यात घोडी कोणाकडे आहे?

सगळ्यात आधी मेंढपाळ बांधवांकडे. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी असो नाहीतर संगमनेर, राहुरीच्या माळावरची गावं असोत, दिवाळीनंतर वाडा निघाला की बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं. भांडी, अंथरूण, जाळी, चालता न येणारी कोकरं, कधी लहान पोरही. कल्याण रस्त्याने आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरायचा म्हणजे बराचसा प्रवास डांबरावरचा. एक घोडी लंगडली तर वाड्याचं बिऱ्हाड अडतं.

याच भागातल्या काटक, बुटक्या, कमी चाऱ्यात भागणाऱ्या घोड्यांना भीमथडी म्हणतात. भीमेच्या दोन्ही थडीचा हा मुलूख. आपल्या श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांची दक्षिणेकडची हद्द भीमेलाच लागते. मराठ्यांच्या फौजेत नाव कमावलेली ही तट्टं पुढे मेंढपाळांनीच सांभाळली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. राज्यगीतातही या तट्टांचा उल्लेख आहे.

दुसरे म्हणजे बैलगाडा शर्यतवाले. पारनेर, संगमनेर, अकोले भागात घाटातल्या शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळते. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, आणि त्यानंतर घोडीला पुन्हा भाव आला.

तिसरे लग्नाच्या वरातीतली घोडी सांभाळणारे, आणि चौथे हौशी मंडळी, जी सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेतून किंवा येवल्याच्या बाजारातून घोडं आणतात. जनावर आणताना उंची, रंग, चाल सगळं पाहिलं जातं. खुराखाली वाकून बघणारे थोडेच.

खूर म्हणजे नुसतं शिंग नाही

बैलाच्या पायाला दोन नख्या असतात, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. घोड्याच्या पायाला एकच खूर. अंगाचं सगळं वजन त्या चार खुरांवर, आणि त्यातही निम्म्याहून जास्त, साधारण साठ टक्के, पुढच्या दोन पायांवर येतं. म्हणून घोडी बहुतेक वेळा पुढच्या पायात आधी लंगडते.

खूर उचलून खालून बघा. बाहेरची कडा म्हणजे खुराची भिंत. ती कडक असते, तिला जाणीव नसते. नालेचे खिळे तिथेच जातात. भिंतीच्या आत तळवा. मधोमध मागून पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा मऊ भाग दिसेल, त्याला गादी म्हणू. मागच्या बाजूला दोन मऊ गोळे असतात, ते टाचेचे गोळे. आणि वर, जिथे खूर संपतं आणि केस सुरू होतात, ती केसाळ रेघ. खूर तिथूनच वाढतं. त्या रेघेला जखम झाली तर पुढे येणारं खूरही वाकडं येऊ शकतं.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतं. म्हणजे वरच्या रेघेपासून खाली बोटापर्यंत पूर्ण नवीन खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. वाढ आणि झीज सारखी असेल तर काळजी नाही. मऊ माळावर चरणाऱ्या घोडीचं खूर लांबतं. डांबरावर रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या घोडीचं मात्र वाढीपेक्षा जास्त झिजतं. भिंत झिजली की तळवा जमिनीला टेकतो, मग प्रत्येक खडा टोचतो. घोडी रस्ता सोडून कडेच्या मातीवर चालायला बघते, ही त्याची पहिली खूण.

नाल बरी की बूट?

दोन्हीचं आपापलं काम आहे. नाल एकदा बसली की पाच-सहा आठवडे बघावं लागत नाही. चिखल, नदी, ओढा, सगळ्यात टिकते. पण नालबंद हातचा हवा. खिळा चुकून आतल्या जिवंत भागात गेला तर घोडी लगेच लंगडते आणि पू होतो. आणि लोखंडी नाल गुळगुळीत डांबरावर, फरशीवर, सिमेंटवर घसरते. वरातीतली घोडी मंगल कार्यालयाच्या फरशीवर का बिचकते, याचं एक कारण हेच.

बूट हवा तेव्हा घालता येतो, हवा तेव्हा काढता येतो. खिळा नाही. रबरी तळ कोरड्या डांबरावर चांगला धरतो आणि दणका कमी बसतो. वाटेत एक नाल निसटली तर तेवढ्या पायाला बूट घालून मुक्कामापर्यंत जाता येतं. पण बूट रोज घालावा-काढावा लागतो, धुवावा लागतो. ओल्या गवतावर आणि चिखलात तो नालेपेक्षा जास्त घसरू शकतो. आणि माप चुकलं तर उपयोग शून्य.

ही कल्पना तशी जुनीच आहे. रोमन लोक घोड्याच्या खुराखाली लोखंडी तळाची चप्पल वाद्यांनी बांधायचे. इंग्लंडमध्ये हिरवळ कापायचं यंत्र ओढणाऱ्या घोड्यांना चामडी बूट घालायचे, गवतावर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून. आजच्यासारखे बूट अमेरिकेत 1970 च्या दशकात आले. आता इझीबूट, कॅव्हॅलो, स्कूट बूट अशी नावं मोबाईलवर दिसतात.

बूट कोणत्या कामाला?

हे आधी ठरवा, कारण बुटाचे प्रकार वेगळे आहेत.

चालण्याचा बूट : रस्त्यावर चालणं, ओझं वाहणं, वरात. तळ जाड, पट्टे मजबूत. मेंढपाळ आणि वरातवाल्यांना हाच लागतो.

पळण्याचा बूट : हलका आणि खुराला अगदी चिकटून बसणारा. यात मापाला जराही सूट नाही. घाटात भरधाव पळणाऱ्या घोडीला चालण्याचा बूट घालून उतरवू नका. वेगात बूट फिरला किंवा निसटला तर घोडी आणि स्वार दोघंही पडतील.

उपचाराचा बूट : आत जाड मऊ गादी असते. तळवा दुखावलाय, खुराला मलमपट्टी केलीय, घोडी उभी ठेवायचीय, यासाठी. हा घालून लांब चालवायचं नाही.

माप घेण्याआधी खूर साळा

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. वाढलेल्या खुराचं माप घेतलं, बूट आला, मग नालबंदाने खूर साळलं, आणि बूट सैल झाला.

म्हणून आधी खूर साळून घ्या आणि त्यानंतर तीन-चार दिवसांच्या आत माप घ्या. पुढेही दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावं लागेल. मधल्या काळात बूट घट्ट वाटायला लागला तर बुटावर राग काढू नका, खूर वाढलंय. कडेला कानस मारून घेण्याची वेळ झालीय, एवढाच त्याचा अर्थ.

माप असं घ्या

लागणारं सामान : मिलिमीटरच्या खुणा असलेली कडक पट्टी, खूर साफ करायचा आकडा, ब्रश, कागद, पेन. शिवणकामाची कापडी टेप वापरू नका, ती वाकते आणि माप चुकवते. मदतीला एक माणूस मोरखी धरायला हवा.

1. घोडी सपाट, कोरड्या जागेवर उभी करा. पाय उचलून तळव्यातली माती, शेण, खडे काढून ब्रश मारा.

2. रुंदी : खुराच्या तळाला डावीकडून उजवीकडे जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे पट्टी आडवी ठेवा. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा.

3. लांबी : पुढच्या टोकापासून मागे मोजत या. मागे कुठे थांबायचं हे महत्त्वाचं. खुराची कडक भिंत दोन्ही बाजूंनी मागे येऊन जिथे जमिनीला शेवटची टेकते, तिथे थांबा. त्याच्या मागचे मऊ गोळे मोजायचे नाहीत. समजायला सोपं जावं म्हणून दोन्ही टाचांच्या शेवटच्या टेकत्या जागांवर एक काडी आडवी ठेवा आणि पुढच्या टोकापासून त्या काडीपर्यंत मोजा.

4. चारही पाय वेगळे मोजा, वेगळे लिहा. पुढचं खूर गोलसर आणि मोठं असतं, मागचं जरा अरुंद आणि टोकदार. डाव्या-उजव्यातही फरक असतो, जसा आपल्या पायात असतो.

5. प्रत्येक माप दोनदा घ्या. दोन्ही वेळा तेच आलं तर बरोबर. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

6. फोटो काढा. पट्टी खुरावर ठेवून तळव्याच्या अगदी समोरून एक फोटो. तिरका धरलात तर आकार फसवतो. घोडी उभी असताना एक समोरून आणि एक बाजूने. दुकानदार शहाणा असेल तर तोच हे फोटो मागेल.

काही जण घोडी पुठ्ठ्यावर उभी करून पेनाने खुराची रेघ मारतात आणि तो कागद पाठवतात. खुराची भिंत उतरती असते, पेन तिरकं धरलं जातं, म्हणून हे माप नेहमी थोडं वेगळं येतं. आकार दाखवायला कागद ठीक आहे, नंबर ठरवायला नाही.

आकडे कसे जुळवायचे? एक उदाहरण

प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. एका कंपनीचा 3 नंबर आणि दुसरीचा 3 नंबर यांचा काही संबंध नाही. खालचा तक्ता फक्त समजावण्यासाठी बनवलेला आहे, कुठल्याही कंपनीचा नाही.

नंबर 1 : रुंदी 98–102, लांबी 104–108
नंबर 2 : रुंदी 103–107, लांबी 109–113
नंबर 3 : रुंदी 108–112, लांबी 114–118
नंबर 4 : रुंदी 113–117, लांबी 119–123
नंबर 5 : रुंदी 118–122, लांबी 124–128

समजा घोडीचं पुढचं उजवं खूर रुंदीला 106 आणि लांबीला 112 मिलिमीटर आहे, डावं 104 आणि 111. दोन्ही नंबर 2 मध्ये बसतात.

आता तेच खूर मोजताना कोणी मागचे मऊ गोळेही धरले आणि लांबी 124 लिहिली, तर तक्ता बघून तो 5 नंबर मागवेल. म्हणजे 106 च्या खुराला 118 चा बूट. दोन्ही बाजू मिळून 12 मिलिमीटरचा खेळ. असा बूट शंभर पावलांत फिरतो.

आणि खूर न साळता मोजलं आणि लांबी 117 आली, तर तो 3 नंबर घेईल. साळल्यावर तोही सैल.

कधी असं होतं की रुंदी एका नंबरात आणि लांबी दुसऱ्या नंबरात पडते. आपल्याकडच्या तट्टांचं खूर अरुंद आणि उभट असू शकतं, म्हणून हे घडतं. अशा वेळी "मोठाच घेऊ, आत कापड कोंबू" असं करू नका. गोल खुरासाठी बनवलेले बूट वेगळे असतात, लांबट खुरासाठी वेगळे. दुसरा प्रकार बघा. तोही बसत नसेल तर त्या घोडीला नालच बरी.

बूट आला. बसला का?

बूट हातात आला की लगेच रस्त्यावर नेऊ नका. बरेच दुकानदार न वापरलेला, न मळलेला बूट बदलून देतात. म्हणून पहिल्यांदा अंगणात, स्वच्छ धुतलेल्या कोरड्या खुरावर, गोणपाट अंथरून घालून बघा.

– घालायला थोडा जोर लागला पाहिजे. चप्पल घालावी तसा आरामात गेला तर सैल आहे. ठोकून, घाम गाळूनही जात नसेल तर लहान आहे.

– खूर बुटात पूर्ण खाली बसलं पाहिजे. पुढचं टोक बुटाच्या पुढच्या भागाला लागलेलं असावं, मागे टाच बुटाच्या तळावर असावी, बाहेर लोंबकळत नसावी.

– दोन्ही हातांनी बूट धरून डावी-उजवीकडे पिळून बघा. किंचित हालला तर ठीक. फिरला तर सैल.

– बुटाची वरची कड केसाळ रेघेत रुतत नाही ना, हे बोट फिरवून बघा.

– वरचा पट्टा खुराच्या वरच्या बारीक भागाभोवती येत असेल तर त्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. पट्टा फक्त बूट जागेवर ठेवायला असतो. सैल बूट पट्टा आवळून बसत नाही, उलट पट्टाच कापतो.

मग घोडी हाताने चालवा. सरळ वीस-पंचवीस पावलं, मग डावीकडे गोल, उजवीकडे गोल. मागून एक माणूस मोबाईलवर व्हिडिओ काढू द्या. पाय उचलताना टाच बुटातून वर येते का? बुटाचा मध्य खुराच्या मध्यावर राहतो की बाजूला सरकतो? पहिली काही पावलं घोडी पाय जास्त उचलेल, तिला नवीन वाटतं म्हणून. पाच मिनिटांनीही चाल वेडीवाकडी असेल तर बूट काढा.

घाट उतरणाऱ्यांनी एक जादा तपासणी करावी. छोट्या उतारावर चालवून बघा. उतारावर खूर बुटात पुढे दाबलं जातं आणि मागे फट पडते. सपाटीवर चांगला वाटणारा बूट उतारावर उघडा पडतो.

सवय लावा, घाई करू नका

नवीन बूट घालून पहिल्याच दिवशी वाड्याबरोबर निघू नका. निघायच्या किमान दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा.

पहिल्या दिवशी 15–20 मिनिटं, ओझ्याशिवाय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अर्धा तास. मग एक तास. मग हलकं ओझं. प्रत्येक वेळी बूट काढून टाचेच्या गोळ्यांवर आणि केसाळ रेघेवर हात फिरवा. केस उलटे फिरलेले किंवा तुटलेले दिसले तर ती घासण्याची पहिली खूण. कातडी गरम किंवा लाल दिसली तर दोन दिवस थांबा. जखम झाली तर भरेपर्यंत बूट बंद.

सुरुवातीला फक्त पुढच्या पायांची जोडी घेतली तरी चालते. वजन पुढे जास्त असतं, खर्चही निम्मा होतो. जोडी जमली, घोडी रुळली, की मग मागच्या पायांचं बघा.

रोजची निगा

मुक्कामाला पोचल्यावर बूट काढा. रात्रभर पायात ठेवू नका. आत घाम आणि ओल साठते, मग तळव्यातली मऊ गादी सडायला लागते. काळपट ओल आणि घाण वास आला की समजा सुरुवात झाली. खूर आकड्याने साफ करून कोरडं होऊ द्या. बूट धुऊन सावलीत वाळवा.

ओढा ओलांडला, वाळूत चाललो, तर पलीकडे थांबून बूट झटकून घ्या. ओले केस आणि वाळू एकत्र आली की अर्ध्या तासात कातडी सोलली जाते. सोबत एक जादा पट्टा किंवा पिन ठेवा. गावात घोड्याच्या बुटाचा पट्टा मिळणार नाही.

विकत घेताना

हे बूट बहुतेक बाहेरून येतात, म्हणून किमतीत वाहतूक आणि सीमाशुल्क धरलंय का, हे आधी विचारा. एक बूट की जोडी, हेही विचारा. काही कंपन्या एकेक बूट विकतात आणि जाहिरातीत दिसणारी किंमत एकाच पायाची असते. नंबर बदलून मिळेल का, परत पाठवायचा खर्च कोणाचा, जादा पट्टे मिळतात का, हे लेखी, निदान व्हॉट्सॲपवर, घ्या. माप न विचारता "घोड्याची उंची सांगा, बूट पाठवतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नका. उंचीवरून खुराचं माप कळत नाही.

दोन-चार घरांनी मिळून एक शहाणपण करता येईल. आपापल्या घोड्यांची मापं एका वहीत लिहा. एकाच नंबराच्या दोन घोड्या निघाल्या तर एक जोडी आधी मागवून दोघींवर घालून बघता येते.

बूट म्हणजे औषध नाही

लंगडणाऱ्या घोडीला बूट घालून कामाला लावणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. बुटाने खडा टोचायचा थांबतो, आतला आजार थांबत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार लंगड्या, जखमी जनावराला राबवणं हा गुन्हाही आहे.

खालीलपैकी काही दिसलं तर बूट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा :

– घोडी अचानक एका पायावर भारच देत नाही. खुरात पू झाल्याचं हे नेहमीचं लक्षण.

– खूर हाताला गरम लागतं, दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून घोडी मागे रेलून उभी राहते, चालायला तयार नाही. ज्वारी-बाजरीच्या राशीवर तोंड मारून पोटभर धान्य खाल्लं की खुराच्या आत सूज येते, तेव्हा असं होतं. यात तासांना किंमत आहे, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

– तळव्यात खिळा, तार किंवा काटा घुसलाय. आधी डॉक्टरांना फोन करा. खिळा किती खोल आणि कुठल्या दिशेने गेलाय हे त्यांना कळलं पाहिजे, म्हणून जमलं तर काढण्याआधी फोटो काढा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला तर बहुतेक वेळा जनावर हातचं जातं. धनुर्वाताची लस दिलीय का, कधी दिली, हे वहीत लिहून ठेवा.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा फिरत्या पथकासाठी 1962 या क्रमांकावर फोन करा. डॉक्टर येईपर्यंत तळवा झाकायचा असेल तर लहान बाळाचं डायपर खुराला गुंडाळून वरून रुंद चिकटपट्टी मारता येते. चिकटपट्टी फक्त खुरावर मारा, केसाळ रेघेच्या वर आवळू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा बूट बैलाला चालेल का?
नाही. बैलाच्या पायाला दोन नख्या आणि चालताना त्या फाकतात. घोड्याचा बूट त्याला बसतच नाही. बैलाला पत्रीच.

गाढवाला?
गाढवाचं खूर घोड्यापेक्षा अरुंद आणि उभट असतं. घोड्याचा छोटा नंबर बहुतेक वेळा फिरतो. माप घेऊन खास लांबट आकार मिळाला तरच घ्या.

नाल असताना वरून बूट घालावा का?
साधारणपणे नाही. बूट अनवाणी खुराच्या मापाने बनवलेला असतो. नालेची कड आतून बूट कापते.

शिंगरू आहे, त्याला घेऊ का?
थांबा. खूर अजून वाढतंय, मोठं होतंय. आज घेतलेला बूट थोड्याच महिन्यांत लहान होईल. त्यापेक्षा वेळेवर खूर साळून घ्या आणि पाय उचलून द्यायची सवय लावा. पुढे नाल मारायची असो की बूट घालायचा असो, तीच सवय कामाला येते.

जुन्या टायरचा बूट घरी बनवला तर?
आकार खुराला धरत नाही, वायर निघालेली असते आणि बांधायला दोरी लागते. दोरीने केसाळ रेघ कापली तर महिनोन्महिने निस्तरत बसावं लागतं. करू नका.

यंदा दिवाळीनंतर वाडा हलवणार असाल तर उलटा हिशोब करा. निघायच्या दिवसापासून मागे तीन आठवडे सवयीचे, त्याआधी बूट यायला आणि गरज पडली तर बदलून मिळायला महिनाभर, त्याआधी खूर साळून माप. म्हणजे गणपतीच्या सुमारास नालबंदाला बोलवायला हवं.